सिकलसेल असलेल्या लेकीला काय खाऊ घालू?

वाचकाचं पत्र

माझी मोठी मुलगी १३ वर्षांची आहे, आठवीत शिकते. तिला सिकलसेल आहे, रिपोर्टवर ‘एसएस’ लिहिलंय. मी आणि तिचे बाबा दोघंही वाहक. तिचं वजन २९ किलो, हिमोग्लोबिन ७.८. आजवर चार पिशव्या रक्त चढवलंय. मेडिकलमधून लोहाचं टॉनिक आणून रोज देते. बीट, खजूर, डाळिंब चालूच असतं, पण आकडा हलत नाही. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते. डोळे पिवळे दिसले की सासूबाई काविळीचं पथ्य सुरू करतात, तेल-तूप बंद. दवाखान्यातून कॅप्सूल मिळते, पण ‘ती कॅन्सरची आहे’ असं जाऊबाईंनी सांगितल्यापासून मी कधी देते, कधी नाही. कोणी म्हणतं पालेभाजी आणि लोखंडी कढई बंद करा, कोणी म्हणतं भरपूर द्या. माझंही हिमोग्लोबिन ९ आहे. मुलीचं रक्त वाढायला नेमकं काय खाऊ घालू? आणखी एक पिशवी चढवून घ्यावी का?

– एक आई, चंद्रपूर जिल्हा

उत्तर

ताई, सर्वांत आधी एक काम करा. मुलीला दिलं जाणारं लोहाचं टॉनिक आजपासून थांबवा. कायमचं बंद असं मी म्हणत नाही. एक तपासणी होईपर्यंत थांबवा. ती कोणती आणि का, ते सांगते.

आपल्याकडे ‘रक्त कमी आहे’ म्हटलं की लोह कमी असणार, असं घराघरांत धरून चालतात. बहुतेक बायकांच्या बाबतीत ते खरंही असतं. तुमच्या लेकीचं कारण मात्र वेगळं आहे. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमधली लाल पेशी ऑक्सिजन सोडला की विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणजे तिच्या शरीरात रक्त तयार होत नाही असं नाही. उलट तिची हाडं रात्रंदिवस रक्त तयार करतायत, पण जेवढं बनतं तेवढं टिकत नाही. फुटलेल्या पेशीतलं लोह बरंचसं शरीरातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. त्यामुळे वरून लोह ओतल्याने पेशीचं आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही.

त्यात तिला चार पिशव्या रक्त चढलंय. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम लोह असतं. चार पिशव्यांचं मिळून ८०० ते १००० झालं. शरीरातून मात्र रोज जेमतेम एक-दोन मिलीग्रॅमच लोह बाहेर जातं, जास्तीचं काढून टाकायची वाटच शरीराकडे नाही. साठत गेलं तर ते यकृतात, हृदयात, वाढीची संप्रेरकं बनवणाऱ्या ग्रंथींत जाऊन बसतं. चार पिशव्यांनी फार साठलं असेलच असं नाही, घाबरून जाऊ नका. पण तपासल्याशिवाय रोज टॉनिक देणं बरोबर नाही.

म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांना ‘फेरिटिन’ तपासायला सांगा. शरीरात लोह किती साठलंय, ते या रक्ततपासणीतून कळतं. जमलं तर सोबत लोहाचीच आणखी एक तपासणी, ‘ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन’ही. ही तपासणी ताप नसताना, सिकलसेलमुळे हाडांत-सांध्यांत उठतं ते दुखणं नसताना करायची, कारण आजारपणात फेरिटिन उगाच जास्त दिसतं. रिपोर्ट कमी आला, तर तिला खरंच लोहाची कमतरताही आहे, असं होऊ शकतं. सिकलसेल असलेल्यांनाही लोह कमी पडतं. मुलगी १३ वर्षांची आहे, पाळी सुरू झाली असेल आणि अंगावरून जास्त जात असेल, पोटात जंत असतील, तर नक्कीच. मग डॉक्टर मोजून लोह देतील आणि मोजूनच थांबवतील. फेरिटिन पुन्हापुन्हा १०००च्या वर येऊ लागलं, तर साठलेलं लोह बाहेर काढणारं औषध वेगळं असतं. तो निर्णय रक्तविकाराच्या डॉक्टरांचा.

शाळेतल्या निळ्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. वारंवार रक्त चढवलेल्या मुलांना ही गोळी देऊ नये, असं सरकारी कार्यक्रमाच्या सूचनांमध्येच आहे. वर्गशिक्षकांना आणि आशाताईंना मुलीचं सिकलसेलचं कार्ड दाखवून हे सांगा. जंताची गोळी मात्र चुकवू नका, ती तिलाही घ्यायची आहे.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही स्वतःचं हिमोग्लोबिन ९ आहे असं जाता जाता लिहिलंत. मला ती ओळ जाता जाता वाचता आली नाही. तुम्ही वाहक आहात, म्हणजे ‘एएस’. तुमच्यात सिकलचा दोष एकाच पालकाकडून आलाय, मुलीत तो दोघांकडून, म्हणून ती ‘एसएस’. वाहकाचं रक्त सिकलमुळे कमी होत नाही. तुमचं ९ हे बहुधा लोहाच्या कमतरतेचं आहे, आणि त्यावर गोळ्या आहेत, त्या उपकेंद्रात फुकट मिळतात. ज्या घरात मुलीला लोह देऊ नका म्हणून सांगतेय, त्याच घरात आईने मात्र तपासून ते घ्यायला हवं. तुमच्या तपासणीची तारीख मुलीच्या तारखेलाच जोडून घ्या, नाहीतर ती कधीच येणार नाही.

तर मग मुलीला काय खाऊ घालायचं? मला वाटतं प्रश्न थोडा बदलून बघू. ‘रक्त वाढायला काय’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘मुलगी वाढायला काय’ हे विचारा. ७.८पेक्षा २९ किलोची काळजी मला जास्त वाटते.

जे शरीर दिवसरात्र तुटलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी घडवतंय, ज्याचं हृदय कमी रक्तात भागवण्यासाठी जोरात धावतंय, ते नुसतं बसून असतानाही इतरांपेक्षा जास्त ऊर्जा खर्च करतं. सिकलसेलच्या मुलांमध्ये हे मोजून पाहिलं गेलंय. म्हणजे तुमच्या लेकीला तिच्या वर्गातल्या मैत्रिणीपेक्षा जास्त जेवण लागतं. प्रत्यक्षात ती कमी जेवते, कारण दुखणं उठलं की भूक मरते आणि ते चार-आठ दिवस पोटात काहीच जात नाही. ही तूट भरून निघत नाही, मग उंची मागे पडते, वजन मागे पडतं, पाळी उशिरा येते. आपण मात्र डाळिंबाचे दाणे मोजत बसतो.

बीटाबद्दल एकदाच सांगते. त्याचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा काहीही संबंध नाही. बीट चांगली भाजी आहे, आवडत असेल तर द्या. पण डाळिंबाला, खजुराला जे पैसे जातात, त्यात महिनाभराची अंडी येतील. मी तुमच्या जागी असते तर अंडी आणली असती. रोज दोन, उकडून किंवा पोळा करून. घरात चालत असेल तर सुकट, बोंबील, तळ्यातली मासळी, कोंबडी. रक्त वाढतं म्हणून कलेजी मात्र आणू नका, तिच्यात लोह खूप असतं. फेरिटिन कळेपर्यंत तरी नकोच.

शाकाहारी असाल तर वरणाकडे लक्ष द्या. आपल्याकडे रेशनच्या तांदळाचा भात ताटभर आणि त्यावर पिवळं पाणी, असं जेवण अनेक घरांत असतं. मुलीच्या ताटात तळातलं घट्ट वरण पडू द्या. मूग, मटकी, हरभरा मोड आणून. मूठभर भाजलेले शेंगदाणे शाळेत जाताना खिशात. जवसाची आणि तिळाची चटणी तर आपल्या विदर्भाचीच आहे, भाकरीवर तेल घालून द्या. दूध पचत असेल तर दूध, नाहीतर दही, ताक. सकाळी उपाशीपोटी शाळेत पाठवू नका. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून दिली तरी चालेल. आणि दुखणं उतरलं की पुढचे पंधरा दिवस दोनऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्या, आजारात गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं.

यातल्या बऱ्याच पदार्थांत झिंक, म्हणजे जस्त असतं, म्हणून मी ते मुद्दाम सांगितले. लाल पेशी फुटत राहिल्या की लघवीवाटे झिंक जास्त बाहेर जातं. भारतीय वंशाचे डॉक्टर आनंद प्रसाद यांनी अमेरिकेत डेट्रॉइटला यावर बरीच वर्षं काम केलं. झिंक कमी असलेल्या सिकलसेल रुग्णांना ते दिल्यावर जंतुसंसर्ग कमी झाल्याचं त्यांच्या अभ्यासात दिसलं. म्हणून लगेच झिंकच्या गोळ्या आणू नका. जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यानेही रक्त घटतं. डॉक्टरांना विचारून, ठरावीक काळासाठी घ्यायचं ते औषध आहे. धान्य-कडधान्यांतलं झिंक अंगी लागायला ती भिजवून, मोड आणून किंवा आंबवून खाल्लेली बरी. आंबिल करत असाल तर करत राहा.

फॉलिक ॲसिडची गोळी तिला दवाखान्यातून मिळत असेल, बहुतेक ५ मिलीग्रॅमची. नव्या पेशी घडवायला ती लागते. शाळेच्या गोळीतल्यापेक्षा तिच्यात दहापट फॉलिक ॲसिड आहे, म्हणजे निळी गोळी बंद झाल्याने त्या बाबतीत काही बिघडणार नाही. एकच सावधगिरी. अंडी, मासे, दूध यांपैकी घरात काहीच होत नसेल, तर बी-१२ तपासून घ्या. नुसत्या फॉलिक ॲसिडने बी-१२ची कमतरता झाकली जाते आणि नसांचं नुकसान आतल्या आत होत राहतं. ड जीवनसत्त्वही अशा मुलांमध्ये बरेचदा कमी असतं, आणि हिच्या हाडांवर आधीच ताण आहे. तेही त्याच रक्तात तपासता येतं.

आणि हो, पालेभाजी अजिबात बंद करायची नाही. ज्यांनी तसं सांगितलं त्यांच्या मनात लोहाची भीती असणार, पण पालेभाजीतलं लोह अंगाला फार थोडं लागतं आणि फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच अन्नातलं रूप, मात्र भरपूर मिळतं. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, चिवळ, जे मिळेल ते. आंबाडी आपण उकडून पाणी पिळून टाकतो, त्या पाण्यात फोलेटही वाहून जातं. आंबट कमी करायचं असेल तर डाळ, कण्या जास्त घाला. लोखंडी कढई फेरिटिनचा रिपोर्ट येईपर्यंत मुलीच्या भाजीपुरती बाजूला ठेवा. तुमच्यासाठी ती चांगलीच आहे.

सासूबाईंच्या काविळीच्या पथ्याबद्दल. त्या नातीच्या काळजीपोटीच करतात, म्हणून त्यांना हे पत्र वाचून दाखवा. आजी, नातीचे डोळे पिवळे दिसतात ते पेशी फुटल्यामुळे. फुटलेल्या पेशीतून पिवळं द्रव्य निघतं, ते डोळ्यांत दिसतं. साथीच्या काविळीचा हा प्रकार नाही. उसाचा रस आणि फुटाण्यांवर ठेवून, तेल-तूप तोडून हा पिवळेपणा जात नाही. जातं ते मुलीचं वजन. तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरी, आणि तिला त्यांची गरज आहे. गावठी काविळीचं औषध तर अजिबात देऊ नका, यकृताला इजा होऊ शकते. पिवळेपणा नेहमीपेक्षा एकदम वाढला, ताप आला किंवा जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर मात्र दाखवायला न्या. या मुलांना पित्ताशयात खडे होतात, कधी खरी कावीळही होऊ शकते.

आता पाणी. आहाराबद्दल विचारणारी माणसं पाण्याबद्दल विचारत नाहीत, आणि सिकलसेलमध्ये मला ते जेवणाइतकंच मोठं वाटतं. या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. तहानलेल्या शरीरातूनही लघवीवाटे पाणी जातच राहतं. मुलगी रात्री गादी ओली करत असेल तर तिला रागावू नका, ते बहुधा याच्यामुळेच. पाणी कमी पडलं की पेशींतलंही पाणी कमी होतं, त्या लवकर वाकतात, आणि दुखणं उठतं. चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगू? एरवी दिवसाला दोन ते अडीच लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी, ताक, पेज, लिंबूपाणी, सगळं धरून.

पण ती शाळेत पाणी पिते का, हे तिला एकांतात विचारा. मुली पाणी पीत नाहीत, कारण शाळेतली मुतारी घाण असते, दाराला कडी नसते, आणि तासाला उठायची परवानगी मागितली की सगळा वर्ग बघतो. मुख्याध्यापकांशी जाऊन बोला. सिकलसेल हा आजार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेला आहे, हे त्यांना सांगा. बाकावर पाण्याची बाटली आणि न विचारता लघवीला जायची मुभा, एवढंच मागायचं आहे. हरतालिकेचा निर्जळी उपास ती मैत्रिणींबरोबर धरायचा हट्ट करेल, तो करू देऊ नका. पूजा करू दे, पाण्यात बाकीच्या मुलींबरोबर मूर्ती शिरवायला जाऊ दे, पण उपाशी-तहानलेली नको. आणि थंड पाण्यात फार वेळ भिजणंही नको.

तुम्ही जी कॅप्सूल कधी देता कधी नाही, ती हायड्रॉक्सीयुरिया. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. जाऊबाई खोटं बोलल्या नाहीत. हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांतही वापरतात. पण तुमच्या मुलीला कॅन्सर नाही, आणि तिला ते त्यासाठी दिलेलं नाही. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते पेशीला वाकू देत नाही. जन्मानंतर ते कमी होत जातं. हे औषध ते पुन्हा वाढवतं. मग पेशी जास्त दिवस टिकतात, दुखणं कमी वेळा उठतं, रक्त चढवायची वेळ कमी येते. अमेरिकेत मोठ्यांच्या सिकलसेलसाठी १९९८ साली आणि लहान मुलांसाठी २०१७ साली त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडेही ते वापरून बरीच वर्षं झाली.

तुम्ही विचारलंत ना, रक्त कशाने वाढेल? बीट, खजूर, टॉनिक यांनी जे झालं नाही, ते या कॅप्सूलने होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त आहे. पण ती रोज घ्यावी लागते आणि परिणाम दिसायला काही महिने जातात. मधूनमधून दिली की काहीच हाती लागत नाही. सुरुवातीला ठरवून दिलेल्या तारखांना रक्ततपासणी करावी लागते, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतायत का ते बघायचं असतं. म्हणून आता स्वतःच्या मनाने रोज सुरू करू नका. डॉक्टरांना खरं सांगा, ‘मी नीट दिलेली नाही.’ ते मात्रा पुन्हा ठरवतील. कॅप्सूल फोडून देऊ नका. पुढे मोठी झाल्यावर, मूल होण्याचा विचार करायची वेळ येईल तेव्हा आधीच डॉक्टरांशी बोलायचं, हेही तिला समजत्या वयात सांगून ठेवा.

कुणी तुम्हाला असंही म्हणेल की आपल्याकडचा सिकल सौम्य असतो. भारतातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये ते बाळाचं हिमोग्लोबिन मुळातच थोडं जास्त असतं, हे खरं. पण विदर्भात तीव्र त्रास होणारी मुलं कमी नाहीत, आणि जिला चार पिशव्या चढल्या तिचा आजार सौम्य म्हणून सोडून द्यायचा नसतो.

आणखी एक पिशवी चढवायची का? ७.८ हा आकडा बघून चढवायची नाही. ती खेळते, शाळेत जाते, दम लागत नाही, तर ७.८ हे तिचं नेहमीचं हिमोग्लोबिन असू शकतं. सिकलसेलमध्ये ७ ते ९वर अनेकजण वर्षानुवर्षं चालतात. कागदावर १२ दिसावं म्हणून रक्त चढवलं तर ते घट्ट होऊन त्रास वाढतो, आणि लोह साठतं ते वेगळंच. ती बरी असतानाचा आकडा कार्डावर लिहून ठेवा. त्यापेक्षा दोन ग्रॅमने किंवा जास्त खाली आला, ती एकदम पांढरी पडली, धाप लागली, डावीकडे पोट फुगलं, तर तो तातडीचा प्रसंग. तसंच १०१च्या वर ताप, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हातापायाची ताकद जाणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. गरज पडली तर सिकलसेलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं, बदली रक्तदाता आणण्याची सक्ती नाही. कोणी अडवलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

जुलै २०२३मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावोगावी तपासण्या होतायत, कार्डं मिळतायत, आणि हे फार चांगलं झालं. पण ‘एसएस’ लिहिलेलं कार्ड हाती आल्यावर त्या मुलीने संध्याकाळी काय जेवायचं, हे आईला बसून सांगणारं कोणी हवं. प्रत्येक तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर वजन-उंचीही नोंदवली जावी, असा तुम्ही आग्रह धरा. अंगणवाडीतला काटा वापरून महिन्यातून एकदा वजन घरच्या कॅलेंडरवर लिहा, तीन महिन्यांनी उंची.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी एका कागदावर लिहून न्या: फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, हायड्रॉक्सीयुरियाची मात्रा, न्यूमोकोकलची (न्यूमोनियासारख्या जंतुसंसर्गापासून वाचवणारी) लस झाली आहे का. रिपोर्ट आले की मला कळवा. सोबत मुलीची उंची, पाळी सुरू झाली आहे का, आणि तिला मनापासून काय खायला आवडतं तेही लिहा. त्यावरून तिच्या दिवसभराच्या जेवणाचं नीट ठरवू. आणि तुमचा रिपोर्टही पाठवा.